नवा संगणक, नवं मायएसक्यूएल, आणि वाचनालयाचे सगळे सभासद गायब! (१०६४, १०५५, १२९२) मदत हवी

गिरगावची_वाचक | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात मी स्वयंसेवक म्हणून काम करते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, संगणकाचं शिक्षण असं काही नाही, पण देवघेवीचं सॉफ्टवेअर गेली काही वर्षं मीच सांभाळते. आज मात्र हात टेकले आहेत. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

आमचा जुना संगणक खिडकीलगत होता. चौपाटीकडची खारी हवा आणि दोन पावसाळ्यांची ओल खाऊन तो मध्येच बंद पडायला लागला, म्हणून समितीने नवा घेतला. जुन्यावर उबुंटू १८.०४ होतं, दुकानातल्या मुलाने नव्यावर २२.०४ टाकलं. त्याबरोबर मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) ५.७ चं ८.० झालं आणि पीएचपी ७.२ चं ८.१. डेटाबेसचा डम्प (सगळ्या डेटाची एका फाइलमधली नक्कल) काढून त्यानेच नव्या संगणकावर चढवला. देवघेवीचा प्रोग्राम २०१४ मध्ये एका सभासदाच्या मुलाने हौसेने लिहून दिला होता. तो आता परदेशात असतो, त्याला प्रत्येक वेळी त्रास देणं बरं वाटत नाही.

आता होतंय ते असं. मुख्य पान उघडलं की नुसतं पांढरं. पत्ता थेट टाकला तर आतली पानं उघडतात, पण सभासद-गटांच्या पानावर १०६४ नंबरचा एरर येतो. पुस्तक देताना नोंद केली की १२९२, 'इनकरेक्ट डेट व्हॅल्यू ००००-००-००'. उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांची यादी काढली की १०५५. आणि ज्याने माझी झोप उडवली आहे ते हे: सभासदांच्या यादीत एकही नाव नाही. एकूण संख्या मात्र ३४१२ दाखवतंय! म्हणजे माणसं आहेत आणि नाहीतही.

सोमवारी वाचनालय बंद असतं. मंगळवारी संध्याकाळी चर्नी रोडला उतरून ऑफिसातून परस्पर येणाऱ्यांची रांग लागते. तोवर काही करता येईल का?

---

नाहूर_लोकल | शनिवार, रात्री १०.०५

ताई, घाबरू नका, हे सगळं नव्या व्हर्जनच्या कडक नियमांमुळे होतं. जुन्या संगणकावरची माय डॉट सीएनएफ, म्हणजे मायएसक्यूएलच्या सेटिंग्जची फाइल, जशीच्या तशी नव्यावर ठेवा, सर्व्हर रीस्टार्ट करा. जुन्यात एसक्यूएल मोड (नियम किती कडक पाळायचे ते ठरवणारं सेटिंग) नक्कीच सैल ठेवलेला असणार. १०५५ आणि १२९२ दोन्ही जातील. आमच्याकडे असंच केलं होतं, पाच मिनिटांत काम झालं.

---

गिरगावची_वाचक | शनिवार, रात्री १०.५०

केलं दादा. आता मायएसक्यूएल सुरूच होत नाही. काय करू?

---

क्वेरीवाली | शनिवार, रात्री ११.१०

ताई, आधी जुनी फाइल काढून नवी होती ती परत ठेवा, सर्व्हर सुरू होईल. तो का बंद पडला हे एरर डॉट लॉगमध्ये लिहिलेलं असेल: व्हार, त्यात लॉग, त्यात मायएसक्यूएल, त्या फोल्डरात. माझा अंदाज, तिथे 'अननोन व्हेरिएबल क्वेरी_कॅश_साइज' अशी ओळ दिसेल. क्वेरी कॅश ८.० मधून काढूनच टाकलंय, आणि अनोळखी नाव दिसलं की सर्व्हर उठत नाही. एसक्यूएल मोडच्या ओळीत नो_ऑटो_क्रिएट_यूजर असेल तरी तेच होणार, तो मोडही ८.० मध्ये राहिलेला नाही. जुनी सेटिंग्ज आंधळेपणाने उचलायची नाहीत ती एवढ्यासाठी.

आता माझे तीन प्रश्न. उत्तरं येईपर्यंत कृपया काहीही बदलू नका.

जुना संगणक कुठे आहे? भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये गेला नाही ना? डम्प चढवताना काही एरर आला होता का, दुकानातल्या मुलाला विचाराल? आणि १०६४ च्या मेसेजमध्ये 'निअर' या शब्दानंतर काय लिहिलंय, तेवढं अक्षर न अक्षर टाका.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ८.० वरचा डेटा ५.७ वर परत नेणं मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीनुसार चालत नाही. मागे फिरायची एकच वाट: अपग्रेडच्या आधी घेतलेला बॅकअप. तुमच्यासाठी तो जुना संगणक म्हणजेच बॅकअप आहे.

---

गिरगावची_वाचक | रविवार, सकाळी ८.१५

क्वेरीवालीताई, लॉगमध्ये क्वेरी_कॅश_साइजचीच ओळ होती. नवी फाइल परत ठेवली, सर्व्हर सुरू झाला. जीव भांड्यात पडला.

जुना संगणक माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलाय. समितीतले एकजण द्यायला निघाले होते, मीच म्हटलं दिवाळीपर्यंत राहू द्या. काल रात्री उतरवून पुसला, दोनदा बंद पडला पण तिसऱ्यांदा नीट सुरू झाला.

दुकानातल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "एक एरर येऊन इम्पोर्ट थांबत होता, फोर्स लावल्यावर पूर्ण झाला." फोर्स म्हणजे काय ते मला कळलं नाही.

आणि 'निअर' नंतर 'ग्रुप्स व्हेअर सक्रिय = १' असं आहे.

---

क्वेरीवाली | रविवार, सकाळी ९.०२

ताई, तुम्ही तो संगणक जाऊ दिला नाहीत, तिथेच अर्धं काम झालंय.

सोपं आधी. १०६४ म्हणजे वाक्यरचना समजली नाही. पार्सर जिथे अडखळतो तिथपासूनचा मजकूर 'निअर' नंतर छापतो, म्हणून पहिला शब्द पाहायचा. तुमच्याकडे तो 'ग्रुप्स' आहे. ८.० मध्ये विंडो फंक्शन्स आली आणि त्यांच्याबरोबर काही शब्द राखीव झाले: ग्रुप्स, रँक, रो_नंबर, लॅग, लीड, विंडो. त्या मुलाने २०१४ मध्ये टेबलाला ग्रुप्स नाव दिलं तेव्हा तो साधा शब्द होता, त्याची काही चूक नाही. प्रोग्राममध्ये जिथे जिथे हे नाव आहे तिथे दोन्ही बाजूंना उलटा टिक लावा. कीबोर्डवर १ च्या डावीकडे, एस्केपच्या खाली असतो तो: `ग्रुप्स`. पुढे सवडीने टेबलाचं नावच 'वाचक_गट' करून टाका, म्हणजे कायमचं निस्तरेल.

आता फोर्स. त्याचा अर्थ, "एरर आला तरी पुढे चल." मायएसक्यूएलडम्प एका टेबलाच्या पुष्कळ रो (नोंदी) एकाच इन्सर्टमध्ये घालतो. छोटं टेबल तर अख्खं एका इन्सर्टमध्ये असतं. त्यातली एक रो नाकारली गेली की इनोडीबी (टेबलं साठवणारा मायएसक्यूएलचा भाग) ते पूर्ण वाक्य मागे घेतं. म्हणजे एका रोपायी संपूर्ण टेबल रिकामं राहतं, आणि फोर्समुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. डम्पच्या सुरुवातीला फॉरेन कीची (टेबलांमधल्या दुव्यांची) तपासणी बंद केलेली असते, त्यामुळे त्या टेबलावर अवलंबून असलेल्या रो बिनबोभाट आत येतात.

तुमचे ३४१२ सभासद आहेत, ते कुठे गेलेले नाहीत. सभासदांची यादी ज्या दुसऱ्या टेबलाशी इनर जॉइन (दोन्हीकडे जुळतात तेवढ्याच नोंदी दाखवणारी जोडणी) करते ते टेबल रिकामं असणार. प्रोग्राममध्ये बघून सांगा कुठलं आहे ते. मग जुन्या संगणकावर नवा डम्प काढा, नव्यावर 'चाचणी' नावाचा वेगळा डेटाबेस करा आणि फोर्स न लावता चढवा. जिथे थांबेल तो आकडा आणि मजकूर इथे टाका.

---

ठाण्याचा_पीएचपी | रविवार, सकाळी ९.४०

पांढऱ्या पानाबद्दल मी सांगतो. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआयची (पीएचपीला मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या भागाची) डीफॉल्ट वागणूक बदलली. आधी क्वेरी फसली की फंक्शन नुसतं 'फॉल्स' द्यायचं, प्रोग्रामने ते तपासलं नाही तर पान तसंच पुढे चालायचं. आता तिथे एक्सेप्शन फेकलं जातं. ते कोणी पकडलं नाही की पान तिथेच मरतं, आणि एरर दाखवणं बंद असल्याने तुम्हाला दिसतं ते पांढरं. खरा मजकूर अपाचीच्या एरर लॉगमध्ये असेल.

माझं म्हणणं असं की मुख्य पानावरची कुठलीतरी क्वेरी आज बिघडलेली नाही. ती कित्येक वर्षं फसतच असणार, आता बोलायला लागली एवढंच. लॉग बघून सांगा.

(आज मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक आहे, नाहीतर दादरला गाडी बदलून येऊन गेलो असतो. अडलं तर उद्या संध्याकाळी येईन.)

---

गिरगावची_वाचक | रविवार, दुपारी १.२०

ठाण्याचे दादा, अगदी तसंच निघालं! लॉगमध्ये ११४६, 'पाहुणे हे टेबल अस्तित्वात नाही'. पूर्वी मुख्य पानाच्या तळाला "आजपर्यंत किती जणांनी भेट दिली" असा आकडा यायचा. ते टेबल आम्ही २०१६ मध्ये काढून टाकलं होतं. त्या ओळी काढल्या, पान उघडलं. इतकी वर्षं प्रत्येक वेळी ती क्वेरी फसत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

`ग्रुप्स`ला उलटे टिक लावले, सात ठिकाणी. ते पानही चालू झालं.

आता मुख्य गोष्ट. सभासदांच्या यादीचा जॉइन 'गावे' या टेबलाशी आहे. आमच्या सभासदत्वाच्या अर्जावर 'मूळ गाव' असा रकाना पहिल्यापासून आहे. वाचनालय सुरू झालं तेव्हा इथल्या चाळींतून राहणारे बहुतेक जण कोकणातले नाहीतर घाटावरचे चाकरमाने होते, त्यामुळे तो रकाना कोणी काढला नाही. नव्या संगणकावर 'गावे' खरंच रिकामं आहे. शून्य रो.

फोर्सशिवाय चढवलं तर इथे थांबतं: १०६२, डुप्लिकेट एंट्री 'कऱ्हाड', की 'गाव_नाव'.

जुन्या संगणकावर पाहिलं. तिथे कऱ्हाड दोनदा आहे, क्रमांक ४१ आणि २०७. दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण गावाच्या नावावर युनिक इंडेक्स (एकच नाव दोनदा येऊ न देणारा) आहे, मग जुन्याने दोन कशी घेतली? आणि जुन्याने घेतली तर नवं का घेत नाही?

---

अक्षरजुळणी | रविवार, दुपारी २.०५

या प्रश्नासाठी मी खास लॉगिन केलं. माझं आयुष्य प्रभादेवीच्या छापखान्यांत मराठी मजकूर लावण्यात गेलं, आणि या अर्ध्या र ने मला जितकं छळलंय तितकं कोणी छळलं नसेल.

पडद्यावर 'कऱ्हाड' एकच दिसतं, पण ते तीन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. पहिली तऱ्हा: युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, ०९३१, त्याला हलन्त जोडून पुढे ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की हेच येतं. दुसरी: साधा र, ०९३०, त्याखाली नुक्ता, ०९३क, मग हलन्त. (शेवटचा 'क' म्हणजे षोडशमान पद्धतीतलं इंग्रजी तिसरं अक्षर, इथे देवनागरीत असंच लिहितो.) तिसरी: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचा अदृश्य जोडणारा. तुमच्याकडे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कळफलकांवर गावं भरली असणार. दोन्ही नावांची क्वेरीतून कॅरॅक्टर_लेंग्थ काढा. पहिल्या तऱ्हेला ६ येईल, बाकीच्या दोन्हींना ७.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दोन शब्द सारखे की वेगळे, हे कोलेशन ठरवतं. ५.७ मध्ये यूटीएफ८एमबी४ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) चं डीफॉल्ट कोलेशन 'जनरल_सीआय' होतं. ते एकेक अक्षर वेगळं धरून तुलना करतं, म्हणून त्याला ही दोन कऱ्हाड वेगळी वाटली. ८.० चं डीफॉल्ट '०९००_एआय_सीआय' आहे. ते युनिकोडच्या तुलनेच्या नियमांनी चालतं: अदृश्य जोडणारा जमेस धरत नाही, आणि 'एआय' म्हणजे नुक्त्यासारख्या खुणाही सोडून देतं. त्याच्या लेखी तिन्ही तऱ्हा एकच.

ऐकायला बरं वाटतं, पण मराठीत याचा एक फटका आहे. नुक्ता सोडला की ऱ चा र होतो. म्हणजे 'दऱ्या' आणि 'दर्या' एक, 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' एक. डोंगरातल्या दऱ्या शोधायला जाल तर समुद्रही हाती लागेल! वाचनालयात शोधासाठी एक वेळ हे चालेल, पण जिथे युनिक इंडेक्स आहे तिथे दोनदा विचार करा.

---

क्वेरीवाली | रविवार, दुपारी ३.१०

अक्षरजुळणी, तुमचं उत्तर मी जपून ठेवतेय. ऐरोलीला ऑफिसात आम्ही याच गोष्टीवर एक अख्खी रात्र घालवली होती, फक्त तिथे गावांऐवजी ग्राहकांची नावं होती.

डम्पमधली गंमतही सांगते. ५.७ टेबलाची रचना लिहिताना कोलेशन डीफॉल्ट असेल तर त्याचं नाव लिहीतच नाही, नुसतं 'डीफॉल्ट कॅरसेट यूटीएफ८एमबी४' लिहितं. ती फाइल ८.० ने वाचली की ते स्वतःचं डीफॉल्ट लावतं. कोणी काही बदललं नाही, तरी सगळी टेबलं नव्या कोलेशनवर गेली.

ताई, आता असं करा. डम्पच्या फाइलची प्रत घ्या. प्रत्येक 'डीफॉल्ट कॅरसेट यूटीएफ८एमबी४' पुढे 'कोलेट यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय' जोडा. चाचणी डेटाबेस पुसून पुन्हा बनवा आणि बनवताना त्यालाही हेच कोलेशन द्या. नाहीतर पुढे एखादं नवं टेबल ०९०० वर जन्माला येईल, जुन्याशी जॉइन करताना १२६७ देईल, आणि तुम्ही परत इथे याल. मग फोर्स न लावता चढवा. आधी डेटा जसा होता तसा आत येऊ द्या, साफसफाई नंतर.

प्रत्येक टेबलातल्या रोंची संख्या दोन्ही संगणकांवर मोजून कागदावर शेजारी शेजारी लिहा. हे कंटाळवाणं आहे, तरी एकही टेबल सोडू नका. काल कोणी एवढं केलं असतं तर 'गावे'समोरचं शून्य तेव्हाच दिसलं असतं.

---

नाहूर_लोकल | रविवार, दुपारी ४.००

कालच्या सल्ल्याबद्दल ताईंची माफी मागतो. फाइलमध्ये काय आहे ते न बघता सांगायला नको होतं.

पण एक मुद्दा राहतोच. १०५५ आणि १२९२ साठी मंगळवारपर्यंत प्रत्येक क्वेरी दुरुस्त करत बसणं ताईंना एकट्याने झेपेल का? नव्या फाइलमध्ये फक्त एसक्यूएल मोड रिकामा ठेवायचा, एवढी एकच ओळ, आणि दुरुस्ती पुढे सवडीने. दारात वाचक उभे असताना हे चुकीचं कसं?

---

क्वेरीवाली | रविवार, दुपारी ४.४५

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

१२९२ पुरतं मोड सैल करायला माझी हरकत नाही, पण फक्त त्या एका सेशनपुरता आणि दुरुस्ती करण्यासाठी. ताईंच्या प्रोग्राममध्ये पुस्तक बाहेर असेल तर परतीची तारीख ००००-००-०० अशी घालतात. जुन्या काळी सर्रास तसं करायचे. कडक मोडमध्ये ती तारीख घालताना १२९२ येतो, आणि तिच्यावर शोधायला गेलं तरी ८.० अडवतं. त्या कॉलमवर साधा आल्टर (रचनेत बदल) करायला गेलात तरी जुन्या शून्य तारखा आड येतील. म्हणून एका सेशनमध्ये मोड रिकामा करा, कॉलमला नल (म्हणजे 'काहीच भरलेलं नाही') चालेल असं करा, सगळ्या शून्य तारखा नल करा, सेशन बंद करा. मग प्रोग्राममध्ये शून्य तारखेशी तुलना आहे तिथे 'इज नल' लिहा, आणि नोंद करताना शून्य तारखेऐवजी नल घाला. 'परत आलं नाही' याला नल हेच खरं उत्तर आहे. शून्य महिन्याची शून्य तारीख कुठल्याच कॅलेंडरात नाही.

१०५५ चं मात्र वेगळं आहे, तो गप्प करू नका. ताई, उशिराच्या यादीची क्वेरी टाका ना इथे.

---

गिरगावची_वाचक | रविवार, संध्याकाळी ६.३०

आधी कळवते की गावे आली! फोर्सशिवाय, एकही एरर न येता. २४ टेबलं मोजली, सगळे आकडे जुळले. ४१ नंबरच्या कऱ्हाडची लांबी ६ आणि २०७ ची ७, अक्षरजुळणी म्हणाले तसंच. २०७ वर नऊ सभासद होते. त्यांना ४१ वर आणलं आणि २०७ पुसलं.

क्वेरी शब्दांत सांगते: सभासदाचं नाव, पुस्तकाचं नाव, आणि दिल्याच्या तारखांतली सर्वात जुनी तारीख, परतीची तारीख शून्य असलेल्या नोंदी, ग्रुप बाय सभासद क्रमांक. म्हणजे प्रत्येक सभासदाची एक ओळ.

---

क्वेरीवाली | रविवार, संध्याकाळी ७.०५

ताई, आता शांतपणे वाचा.

एका सभासदाकडे तीन पुस्तकं आहेत असं धरा. ग्रुप बायने तीन ओळींची एक केली. सर्वात जुनी तारीख कुठली हे मिनने ठरवलं. पण पुस्तकाचं नाव तीनपैकी कुठलं? ते क्वेरीत कुठेच सांगितलेलं नाही. सैल मोडमध्ये मायएसक्यूएल त्यातलं कुठलंही एक उचलतं. तारीख एका पुस्तकाची आणि नाव दुसऱ्याच पुस्तकाचं, अशी चिठ्ठी निघू शकते. १०५५ नेमकं हेच विचारतो: "यातलं कुठलं देऊ?"

म्हणून म्हटलं, गप्प करू नका. यादी सभासदावर गोळा करायची गरजच नाही. प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र ओळ काढा, ऑर्डर बाय सभासद क्रमांक आणि तारीख. ऑर्डर बाय विसरू नका. ५.७ पर्यंत ग्रुप बाय केलं की निकाल आपोआप त्याच क्रमाने यायचा, ८.० मध्ये तो क्रम मिळत नाही. तुमच्या इतर याद्यांतही कुठे क्रम विस्कटलेला दिसला तर कारण हेच.

---

गिरगावची_वाचक | रविवार, रात्री ९.५०

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका आजोबांना उशिराची चिठ्ठी गेली होती. ऐंशीच्या घरातले आहेत, रोज चार वाजता येतात, वर्तमानपत्रं वाचून पुस्तक बदलून जातात. चिठ्ठीवर जे पुस्तक होतं ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी आठवड्यापूर्वीच नेलं होतं. चिठ्ठीवर तारीख मात्र तीन महिन्यांपूर्वीची. ते म्हणाले, "बाई, माझ्या लक्षात आहे." आणि मी म्हटलं, "आजोबा, संगणकात आहे." त्यांनी काही न बोलता दंड भरला. त्यानंतर दोन महिने ते आले नव्हते.

आत्ता जुन्या संगणकावर त्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. तेव्हा त्यांच्या नावावर दोन पुस्तकं होती. तीन महिन्यांपूर्वीचं दुसरंच होतं, आणि ते त्यांच्या सुनेच्या हातून परत आल्याची नोंद आमच्या कागदी वहीत आहे, संगणकात चढवायची राहून गेली होती. दंड वीस रुपये होता. प्रश्न वीस रुपयांचा नाही.

क्वेरी बदलली. आता प्रत्येक पुस्तकाची वेगळी ओळ येते.

---

नाहूर_लोकल | रविवार, रात्री १०.१०

ताई, हे वाचून मी आमच्या ऑफिसातली ती पाच मिनिटांची दुरुस्ती उद्या उघडून बघणार आहे. तिथे पगाराच्या याद्या निघतात.

---

ठाण्याचा_पीएचपी | सोमवार, रात्री ९.२५

आज संध्याकाळी जाऊन आलो. ताईंनी सगळं आधीच लावून ठेवलं होतं, मी फक्त दोन गोष्टी केल्या. क्वेरी फसली तर पान पांढरं न पडता "नोंद झाली नाही, स्वयंसेवकाला सांगा" असं मराठीत येईल आणि मूळ एरर लॉगमध्ये जाईल, अशी सोय केली. आणि रोज रात्री डम्प निघून पेनड्राइव्हवर जाईल असं लावलं. पेनड्राइव्ह ताई घरी नेणार. नव्या संगणकाची जागाही खिडकीपासून हलवली.

चहा आणि खोताच्या वाडीतून मागवलेले वडे, दोन्हीबद्दल आभार.

---

क्वेरीवाली | सोमवार, रात्री १०.४०

छान झालं. पुढच्या वेळेसाठी दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते, म्हणजे धागा नंतर कोणाच्या हाती लागला तर उपयोगी पडेल.

५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची, त्यापुढचं लांब मुदतीचं व्हर्जन ८.४. म्हणजे असं स्थलांतर पुन्हा करावं लागणारच. तेव्हा जुना सर्व्हर चालू असतानाच मायएसक्यूएल शेलमधलं 'चेक फॉर सर्व्हर अपग्रेड' चालवा. राखीव शब्द, शून्य तारखा, काढून टाकलेले मोड हे सगळं ते आधीच दाखवतं. आणि ८.४ मध्ये 'नेटिव्ह पासवर्ड' ही जुनी लॉगिन पद्धत मुळात बंद असते. काउंटरवरचा जुना संगणक त्या पद्धतीने जोडलेला असेल तर ते आधी बदलून घ्या.

कधी ०९०० कोलेशनवर जायचं ठरलं तर आधी सगळे कोड ट्रिम करा. जुनं कोलेशन शब्दाच्या शेवटची मोकळी जागा मोजायचं नाही, नवं मोजतं. बारकोडच्या शेवटी एक स्पेस राहिली असेल तर पुस्तक सापडणार नाही आणि एररही येणार नाही. मला एररपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

---

अक्षरजुळणी | सोमवार, रात्री ११.१५

माझीही एक भर. गावाचं किंवा पुस्तकाचं नाव साठवण्याआधी प्रोग्राममध्येच एक रूप करा. एनएफसी (युनिकोडने ठरवलेलं एकसारखं रूप) केलं की र अधिक नुक्ता याचा ऱ आपोआप होतो. अदृश्य जोडणारा मात्र एनएफसीने जात नाही. त्यासाठी 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' दिसलं की 'ऱ, हलन्त' घाला असं वेगळं लिहावं लागतं. जोडणारा सरसकट पुसू नका, नाहीतर कऱ्हाडच्या ऱ्हा चा रफार होऊन बसेल आणि कऱ्हाडचे लोक तुम्हाला माफ करणार नाहीत.

---

गिरगावची_वाचक | मंगळवार, रात्री ९.१५

आज पाच वाजता दार उघडलं. आठपर्यंत ६३ पुस्तकं गेली, ५८ आली, एकही एरर नाही. सभासदांची यादी पूर्ण उघडते, ३४१२. रांगेत उभ्या असलेल्या कोणालाच काही कळलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

आजोबा चारलाच येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांच्याशेजारी बसून जे झालं ते सगळं सांगितलं, कागदी वही दाखवली, वीस रुपये हातात दिले. माझी चूक होती, मी तुमचं ऐकायला हवं होतं, म्हटलं. ते बराच वेळ वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून पाहत होते. मग म्हणाले, "सुनेला दाखवायला हिची झेरॉक्स मिळेल?"

काढून दिली.